इंग्लंडचा विमेन्स लीग कप फॉलो करायचाय? मग ग्रुप स्टेजपासूनच बसा

विमेन्स फुटबॉल नव्याने बघायला लागलेल्यांचं साधारण असं होतं की वर्ल्ड कप माहीत असतो, युरो माहीत असतो, डब्ल्यूएसएल म्हणजे इंग्लंडची विमेन्स सुपर लीगसुद्धा थोडीफार बघितलेली असते, आणि मग मार्च महिन्यात अचानक चेल्सी नाहीतर आर्सेनलच्या खेळाडू कप उचलून नाचतानाचे व्हिडिओ फिरायला लागतात आणि डोक्यात गोंधळ होतो, की अरे लीग तर मे महिन्यापर्यंत चालते ना, मग ह्यांनी आत्ताच काय जिंकलं? तर तो विमेन्स लीग कप. बहुतेक लोक त्याची फायनल तेवढी बघतात आणि विसरून जातात, आणि मला ह्याचंच वाईट वाटतं, कारण ह्या स्पर्धेत खरी बघण्यासारखी गोष्ट सगळी आधीच होऊन गेलेली असते.

माझं म्हणणं सरळ आहे, इंग्लंडचं विमेन्स फुटबॉल आतून समजून घ्यायचं असेल तर लीग कप ग्रुप स्टेजपासून बघा. कुणाकडे खरंच बेंच आहे, कुठल्या क्लबची अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी वर येतेय, दुसऱ्या डिव्हिजनमधला कुठला संघ वरच्यांना घाम फोडू शकतो, हे लीगच्या रविवारच्या मॅचमध्ये फारसं कळत नाही, ते कळतं लीग कपच्या मधल्या वारी संध्याकाळी होणाऱ्या मॅचमध्ये. आता कसं बघायचं ते सांगते.

आधी नावांचा गुंता सोडवून घ्या

हे केलं नाही तर सर्च करताना वेड लागायची पाळी येते. २०११ साली विमेन्स सुपर लीग आठ क्लब घेऊन सुरू झाली आणि त्याच वर्षी हा लीग कपही सुरू झाला. तेव्हापासून २०२४ पर्यंत स्पॉन्सर कॉन्टिनेंटल टायर्स होता, म्हणून जुने लोक अजूनही ह्याला 'कॉन्टी कप' म्हणतात, जुने हायलाइट्स शोधायचे असतील तर त्याच नावाने शोधा. २०२४-२५ पासून स्पॉन्सर सबवे आहे, त्यामुळे नवीन सगळं 'सबवे विमेन्स लीग कप' नावाखाली सापडेल. स्पर्धा तीच.

एफए कप वेगळा, हे पक्कं डोक्यात ठेवा. विमेन्स एफए कप १९७०-७१ च्या सीझनपासून चालू आहे, त्यात अगदी खालच्या पातळीवरचे गावोगावचे शेकडो क्लब उतरतात आणि २०१५ पासून फायनल वेम्बलीवर होते. लीग कपमध्ये मात्र फक्त वरच्या दोन डिव्हिजन, म्हणजे पूर्ण व्यावसायिक किंवा त्याच्या जवळपास असलेले क्लब. आणि तिसरा एक 'नॅशनल लीग कप' म्हणून आहे, तो त्याच्याही खालच्या दोन पातळ्यांचा, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. सर्च रिझल्टमध्ये हे तिन्ही एकत्र येतात म्हणून सांगितलं.

दुसऱ्या डिव्हिजनचं नावही बदलत राहिलंय. २०१४ ला डब्ल्यूएसएल टू म्हणून सुरू झाली, २०१८ ला तिचं चॅम्पियनशिप झालं, २०२५ ला परत डब्ल्यूएसएल टू. जुन्या बातमीत चॅम्पियनशिपचा क्लब असं वाचलं तर दुसरी डिव्हिजन समजायचं आणि पुढे जायचं. आणि रेकॉर्ड बघताना वर्षांकडे नीट बघा, २०१६ पर्यंत हा सगळा खेळ एकाच कॅलेंडर वर्षात उन्हाळ्यात व्हायचा, २०१७ ला मध्ये एक छोटी स्प्रिंग सिरीज झाली आणि त्यानंतर २०१७-१८ पासून सप्टेंबर ते मे असा पुरुषांसारखा सीझन आला. म्हणून २०१७ चा विजेता शोधायला जाल तर सापडणार नाही, त्या वर्षी हा कप झालाच नाही.

कोण कुठून सुरू करतं

ग्रुप बहुतेक उत्तर आणि दक्षिण असे भौगोलिक पद्धतीने पाडतात, प्रवास कमी व्हावा म्हणून. त्यामुळे मँचेस्टरचे दोन्ही क्लब, लिव्हरपूल, एव्हर्टन अशी मंडळी एकाच ग्रुपमध्ये येऊ शकतात, आणि लंडनवाल्यांचं तसंच. म्हणजे डर्बी मॅच ग्रुपमध्येच मिळते, ती सोडू नका.

पण सगळे क्लब ग्रुपमध्ये नसतात. जे क्लब त्या सीझनला चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, मुख्य फेरीत पोचलेले असतात त्यांना डायरेक्ट क्वार्टर फायनल मिळते, कारण त्यांच्या मॅचेस आधीच भरपूर असतात. ह्या एका नियमामुळे दर वर्षी ग्रुपची संख्या बदलते आणि नवीन माणूस गोंधळतो. गणित सोपं आहे, २०२४-२५ चंच बघा. वरच्या डिव्हिजनमध्ये १२ क्लब, खालच्या डिव्हिजनमध्ये रेडिंगने माघार घेतल्यामुळे ११ च उरलेले, एकूण २३. त्यातले आर्सेनल, चेल्सी आणि मँचेस्टर सिटी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणून थेट क्वार्टर फायनलला. राहिले २०, त्यांचे चार-चारचे पाच ग्रुप, पाच ग्रुप विनर अधिक ते तीन, झाले आठ. सीझनच्या सुरुवातीला हे गणित एकदा कागदावर मांडलं की ग्रुपमधून नेमक्या किती जागा आहेत आणि दुसऱ्या नंबरवाल्याला काही संधी आहे का ते लगेच कळतं.

ह्या नियमातूनच एक मस्त गोष्ट घडली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये आर्सेनल चॅम्पियन्स लीगच्या क्वालिफाइंगमध्ये पॅरिस एफसीकडून पेनल्टीवर हरून बाहेर पडली. युरोप संपलं, सीझन नीट सुरू व्हायच्या आधीच. पण युरोपात नाही म्हणून त्यांना लीग कपचा ग्रुप खेळावा लागला, तिथून एकेक पायरी चढत गेल्या आणि मार्च २०२४ ला कप त्यांनीच उचलला. फायनलला समोर चेल्सी, जी थेट क्वार्टर फायनलमधून आलेली. हा असा पूर्ण प्रवास फक्त फायनल बघणाऱ्याला दिसतच नाही.

पॉइंट्स टेबल: इथे जरा वेळ द्या

लीग कपचं टेबल लीगच्या टेबलासारखं वाचलं की हमखास चुकतं. लीगमध्ये जिंकलं तर ३, ड्रॉ झाला तर दोघींना एकेक. इथे ग्रुपमध्ये ड्रॉ हा प्रकारच शिल्लक ठेवत नाहीत. ९० मिनिटांत जिंकलात तर ३ पॉइंट, बरोबरी झाली तर एक्स्ट्रा टाइम नाही, सरळ पेनल्टी शूटआउट, आणि शूटआउट जिंकणाऱ्याला २, हरणाऱ्याला १.

आता ह्यातली गंमत बघा. मॅच कशीही संपो, दोन्ही संघांना मिळून बरोबर ३ पॉइंट जातात, एकतर ३ आणि ०, नाहीतर २ आणि १. म्हणजे चार संघांच्या ग्रुपमध्ये ६ मॅचेस आणि एकूण १८ पॉइंट, पाच संघांच्या ग्रुपमध्ये १० मॅचेस आणि ३० पॉइंट, कायम. कुठल्याही साइटवरचं टेबल बरोबर आहे का बघायचं असेल तर सगळ्यांचे पॉइंट बेरीज करा आणि झालेल्या मॅचेसना ३ ने गुणा, जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर बहुतेक कुणीतरी शूटआउटचा निकाल अजून भरलेला नसतो.

उदाहरण घेऊ. अ, ब, क, ड असे चार संघ. पहिल्या राउंडला अ ने क ला हरवलं, ब आणि ड ची बरोबरी झाली आणि शूटआउट ब ने जिंकलं. दुसऱ्या राउंडला अ आणि ड ची बरोबरी, शूटआउट ड ने जिंकलं, आणि ब ने क ला हरवलं. टेबल झालं ब ५, अ ४, ड ३, क ०. बेरीज १२, चार मॅचेस झाल्यात, जुळतंय. शेवटच्या राउंडला अ विरुद्ध ब आणि क विरुद्ध ड. ग्रुपमधून फक्त पहिला संघ पुढे जाणार असं धरा.

क बाहेर, ते दिसतंयच. अ ने ९० मिनिटांत जिंकलं तर अ चे ७, विषय संपला, ड जास्तीत जास्त ६ ला जाते. ब ने ९० मिनिटांत जिंकलं तर ब चे ८, तोही विषय संपला. बरोबरी होऊन शूटआउट ब ने जिंकलं तरी ब चे ७, संपला. पण बरोबरी होऊन शूटआउट अ ने जिंकलं तर अ चे ६, ब चे ६, आणि तिकडे ड ने क ला हरवलं असेल तर तिचेही ६. तीन संघ ६ वर, आणि निकाल गोल डिफरन्सवर, म्हणजे मारलेले गोल वजा खाल्लेले गोल. म्हणजे ड च्या फॅनला काय हवंय, आपल्या संघाने क ला शक्य तितक्या मोठ्या फरकाने हरवावं, दुसरीकडे बरोबरी व्हावी, आणि शूटआउट अ नेच जिंकावं, ब ने जिंकलं तर सगळं पाण्यात. स्वतःची मॅच संपवून ड च्या खेळाडू मैदानावर थांबल्यात आणि दुसऱ्या शहरातल्या पेनल्टी मोजतायत, असा प्रसंग ह्या नियमामुळे खरंच येऊ शकतो.

आणि अ च्या बाजूने विचार करा. ८० व्या मिनिटाला १-१ आहे. शूटआउटला गेलो आणि जिंकलोही, तरी गोल डिफरन्सवर अडकू शकतो. म्हणून अ चा कोच अशा वेळी बरोबरीवर समाधान मानणार नाही, फुलबॅक वर ढकलेल, बेंचवरची स्ट्रायकर आणेल. ब च्या कोचला मात्र बरोबरी चालते, कारण शूटआउट जिंकलं की काम झालं आणि हरलं तरी गोल डिफरन्सवर आशा राहते. हे गणित तुम्हाला आधीच माहीत असेल तर शेवटची दहा मिनिटं पूर्ण वेगळी दिसतात, कोण का घाई करतंय आणि कोण का थ्रो-इनला वेळ लावतंय ते कॉमेंटेटरने सांगायच्या आधी तुम्हाला कळतं.

अजून दोन गोष्टी. शूटआउटमधले गोल हे गोल डिफरन्समध्ये धरत नाहीत, मॅच १-१ तर १-१ च. आणि ग्रुप जर सारख्या आकाराचे नसतील, काही चारचे काही पाचचे, आणि चांगल्या दुसऱ्या नंबरवाल्यांनाही जागा असेल, तर नुसते पॉइंट शेजारी ठेवून तुलना करू नका, एकीने तीन मॅच खेळल्यात आणि दुसरीने चार. प्रत्येकीचे पॉइंट मॅचेसनी भागा, मग बघा.

लाइनअप आली की काय बघायचं

मॅच सुरू व्हायच्या साधारण तासभर आधी क्लबच्या सोशल मीडियावर लाइनअप येते. लीग कपच्या ग्रुपमध्ये मी मॅचच्या आधी हीच बारकाईने बघते, कारण अर्धी गोष्ट तिथेच असते.

पहिलं बघा गोलकीपर. बऱ्याच क्लबमध्ये लीगला पहिली कीपर आणि कपला दुसरी कीपर अशी वाटणी असते. लीगमध्ये महिनोन्महिने बेंचवर बसलेली कीपर इथे एकदम ९० मिनिटं खेळते आणि वर शूटआउटची शक्यता, तिच्यासाठी ही मॅच अजिबात छोटी नसते. मग बघा सेंटर बॅकची जोडी तीच आहे का बदललीय. कोच फॉरवर्ड सहज बदलतात, पण दोन्ही सेंटर बॅक एकदम बदलल्या असतील तर समजायचं की आज प्रयोग चाललाय, आणि पहिल्या वीस मिनिटांत मागे गोंधळ दिसला तर आश्चर्य नको.

तिसरं, बेंच. अकॅडमीतल्या पोरींचे नंबर मोठे असतात, चाळीस, पन्नास, साठच्या घरातले, ते दिसले की नाव लिहून ठेवा. इंग्लंडमध्ये ड्युअल रजिस्ट्रेशन म्हणून सोय आहे, तरुण खेळाडू आपल्या मोठ्या क्लबकडे राहूनही खालच्या लीगच्या क्लबकडून मॅचेस खेळू शकते. त्यामुळे आज लीग कपमध्ये वीस मिनिटं खेळलेली पोरगी पुढच्या आठवड्यात खालच्या डिव्हिजनमध्ये पूर्ण मॅच खेळताना दिसू शकते, आणि दोन वर्षांनी तीच वरच्या संघात असते. एखादीला असं सुरुवातीपासून बघत आलात की तिचा पहिला लीग गोल तुम्हाला घरच्यासारखा वाटतो.

आणि मुख्य म्हणजे खालच्या डिव्हिजनच्या संघाची लाइनअप. ते बहुतेक वेळा पूर्ण ताकदीने उतरतात. त्यांच्यासाठी वरच्या क्लबविरुद्धची मॅच ही सीझनची मोठी मॅच असते. डरहॅमसारखा क्लब घ्या, पुरुषांच्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक क्लबच्या आधाराशिवाय उभा राहिलेला, त्यांच्या मैदानावर वरच्या डिव्हिजनचा बदललेला संघ येतो तेव्हा कुणाला फेव्हरिट म्हणायचं हे खरंच सांगता येत नाही. नवीन बघणाऱ्याला माझा आग्रह असा की ग्रुप जाहीर झाल्यावर दुसऱ्या डिव्हिजनचा एक क्लब निवडा आणि त्यांच्या ग्रुपमधल्या सगळ्या मॅचेस बघा. मोठे क्लब तुम्ही तसेही बघणारच आहात.

शूटआउट वही घेऊन बघा

ग्रुपमधली शूटआउट लोक टीव्ही बंद करायची वेळ समजतात, एका पॉइंटचा तर फरक. पण बघितलंत ना वर, त्या एका पॉइंटवर ग्रुप फिरतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोच इथे लोकांना तपासत असतो. फायनल पेनल्टीवर गेली तर कुणावर भरवसा टाकायचा ह्याचं उत्तर त्याला ऑक्टोबरमध्ये मिळत असतं.

पाच किक्स प्रत्येकी, तरी बरोबरी तर एकेक किकची सडन डेथ. प्रत्येक किकसमोर तीन गोष्टी लिहा, कोणी मारली, कुठल्या बाजूला, कीपर कुठे गेली. कीपरच्या पायाकडे बघा, २०१९ पासूनचा नियम असा आहे की किक मारली जाते त्या क्षणी कीपरचा निदान एक पाय गोललाइनवर किंवा तिच्या रेषेत पाहिजे, दोन्ही पाय पुढे आले आणि तिने बॉल अडवला तर किक परत घेतली जाते. चांगल्या कीपर एक पाय मागे लाइनवर दाबून धरतात आणि दुसऱ्याने पुढे झेपावतात, स्लो मोशनमध्ये हे बघायला फार छान वाटतं. अशा काही शूटआउट लिहिल्या की तुमच्या लक्षात येईल की काही खेळाडू कायम एकाच कोपऱ्यात मारतात आणि काही जणी कीपर हलेपर्यंत थांबतात.

शूटआउटवर फायनल ठरल्याचं उदाहरणही आहे, २०१९ ला शेफिल्डच्या ब्रॅमल लेनवर मँचेस्टर सिटी आणि आर्सेनल एक्स्ट्रा टाइमनंतरही ०-० होत्या आणि सिटीने पेनल्टीवर ४-२ ने कप नेला.

जुन्या फायनल कुठल्या बघाव्यात

नॉकआउट सुरू व्हायच्या आधी काही जुन्या फायनलचे हायलाइट्स बघून घ्या, संघांमधली खुन्नस कळते. २०११ ची पहिली फायनल बर्टनच्या पिरेली स्टेडियमवर झाली, आर्सेनलने बर्मिंगहॅमला ४-१ ने हरवलं. २०१४ ची महत्त्वाची आहे, कारण सिटीचा वरच्या लीगमधला तो पहिलाच सीझन होता आणि इझी क्रिस्टियनसेनच्या एका गोलवर त्यांनी आर्सेनलची सद्दी मोडली. पहिल्या वर्षापासून ह्या कपावर तीनच नावं कोरली गेली, २०२५ पर्यंतचा हिशोब आर्सेनल ७, सिटी ४, चेल्सी ३. दुसऱ्या कुणालाच जमलं नाही, बर्मिंगहॅम, नॉट्स काउंटी, ब्रिस्टल सिटी फायनलपर्यंत येऊन परत गेल्या.

२०२० ची फायनल शेवटच्या दहा मिनिटांसाठी बघा. नॉटिंगहॅमच्या सिटी ग्राउंडवर बेथ इंग्लंडच्या सुरुवातीच्या गोलवर चेल्सी पुढे, ८५ व्या मिनिटाला लीआ विल्यमसनने बरोबरी केली, आता एक्स्ट्रा टाइम असं सगळे धरून चालले आणि इंज्युरी टाइममध्ये परत बेथ इंग्लंडच. पुढच्या वर्षीची ब्रिस्टल सिटीविरुद्धची ६-० बघताना मात्र मन जरा जड होतं. सॅम करची हॅटट्रिक, फ्रॅन कर्बीचे दोन, चेल्सी त्या दिवशी अफाट खेळली, पण ब्रिस्टल त्याच सीझनमध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. एकाच सीझनमध्ये फायनलही आणि रेलिगेशनही. श्रीमंत आणि गरीब क्लबमधली दरी किती आहे ते ह्या एका मॅचमधून कळतं.

२०२३ ला सेलहर्स्ट पार्कवर सॅम करने दुसऱ्याच मिनिटाला गोल मारला आणि वाटलं झालं, तर आर्सेनलने हाफटाइमच्या आतच तीन मारून ३-१ ने जिंकली. २०२४ ला परत ह्याच दोघी, वुल्व्हरहॅम्प्टनच्या मोलिन्यूवर, २१,४६२ प्रेक्षक, जो तेव्हा ह्या कपच्या फायनलचा रेकॉर्ड होता. ह्या मॅचमध्ये आर्सेनलची फ्रिडा मानुम बॉल जवळ नसताना अचानक मैदानात कोसळली, बराच वेळ खेळ थांबला, ती शुद्धीवर आहे हे कळेपर्यंत सगळ्यांचा श्वास अडकलेला. तशा मनःस्थितीत तिच्या मैत्रिणींनी पुढची मॅच खेळली आणि एक्स्ट्रा टाइममध्ये स्टिना ब्लॅकस्टेनियसने एकमेव गोल मारला. पूर्ण मॅच मिळाली तर पूर्ण बघा, हायलाइट्समध्ये तो ताण येत नाही.

आणि २०२५ ची, डर्बीच्या प्राइड पार्कवरची. ही एकटी बघू नका, तिच्या पुढच्या तीन मॅचेससकट बघा. १५ ते २७ मार्च ह्या बारा दिवसांत चेल्सी आणि सिटी चार वेळा समोरासमोर आल्या, आधी ही फायनल, मग चॅम्पियन्स लीगचा पहिला लेग (तिथे लढत दोन मॅचेसची असते, त्यातली पहिली), मग लीगची मॅच, मग दुसरा लेग. त्यात सिटीने फायनलच्या पाच दिवस आधी कोच गॅरेथ टेलरला काढलेलं आणि जुना कोच निक कुशिंग तात्पुरता परत आलेला. फायनलला मायरा रामिरेझने चेल्सीला लवकर पुढे नेलं, आओबा फुजिनोने बरोबरी केली आणि शेवटी युई हासेगावाच्या ओन गोलवर चेल्सी २-१. चार दिवसांनी सिटीने २-० ने वचपा काढला, मग लीगमध्ये चेल्सी २-१, आणि शेवटच्या लेगला चेल्सी ३-०. चारही मॅचेसच्या लाइनअप शेजारी शेजारी ठेवा, कोणी काय बदललं, कुणाला विश्रांती दिली, मागच्या मॅचमधून काय शिकले, कोचिंग म्हणजे काय असतं ते समजायला ह्याहून चांगला अभ्यास मला माहीत नाही. कोच सोनिया बोम्पास्टोरचा चेल्सीमधला हा पहिलाच कप, आणि त्या सीझनमध्ये त्यांनी लीग आणि एफए कपही जिंकून तिहेरी मुकुट पूर्ण केला.

अमेरिकेचा कप बघत असाल तर

अमेरिकेच्या एनडब्ल्यूएसएल लीगचा चॅलेंज कप वरवर तसाच वाटतो पण वरचे नियम तिथे लावू नका. तो २०२० ला कोरोनाच्या काळात यूटामध्ये बंदिस्त वातावरणात सुरू झाला, ऑर्लँडोचा संघ पॉझिटिव्ह केसेसमुळे यायच्या आधीच बाहेर पडला, आणि ह्यूस्टन डॅशने शिकागोला २-० ने हरवून पहिला कप घेतला. मग काही वर्षं ग्रुप वगैरे होते. २०२४ पासून मात्र ती एकच मॅच झाली, २०२४ ला सॅन डिएगोने अ‍ॅलेक्स मॉर्गनच्या गोलवर गॉथमला हरवलं, २०२५ ला वॉशिंग्टनने ऑर्लँडोला पेनल्टीवर. म्हणजे नाव तेच असलं तरी कुठल्या वर्षाबद्दल बोलताय ते बघून बोला.

वेळेचं काय

ग्रुपच्या मॅचेस बऱ्याच वेळा तिथल्या संध्याकाळी असतात आणि मोठ्या स्टेडियमऐवजी छोट्या मैदानांवर, चेल्सी किंग्समेडोवर, आर्सेनल बोरहॅमवुडच्या मेडो पार्कवर, मँचेस्टर युनायटेड ली स्पोर्ट्स व्हिलेजवर. प्रेक्षक जवळ असतात, त्यामुळे कोचचा आवाज आणि खेळाडूंची आरडाओरड माइकमध्ये स्पष्ट ऐकू येते, हेडफोन लावून बघा.

हिवाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. तिथे संध्याकाळी ७ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेबारा, तारीख बदललेली. कॅलेंडरमध्ये बुधवारची मॅच बुधवारी रात्री बारानंतर, म्हणजे खरं तर गुरुवारी टाका. घड्याळं ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात आणि फायनल मार्चच्या आसपासच असते, २०२४ ची फायनल तर बरोबर ३१ मार्चला, घड्याळ बदललं त्याच दिवशी होती. जागणं शक्य नसेल तर लीगच्या ऑफिशियल यूट्यूब चॅनलवर हायलाइट्स येतात, पण सकाळी उठल्यावर आधी स्कोअर बघू नका, लाइनअप बघा, टेबलचं गणित एकदा मांडा, आणि मग व्हिडिओ लावा.